पाणी सारखं होईपर्यंत

अकरा महिने तुम्ही कपाटात आहात,
खालच्या खणात, इस्त्रीच्या पाटामागे,
हिरव्या प्लास्टिकच्या बरणीत. झाकणावर शाईनं
टिपणीस, आणि एक नंबर.
हेरंब म्हणतो, दिवाळीत जाऊ नाशिकला.
मग म्हणतो, मार्चमध्ये.
मी काहीच म्हणत नाही. खणाला कुलूप नाही,
तरी रोज रात्री ओढून बघते, लागलाय ना.

आज बरणी पिशवीत घातली
आणि ब्रॅडफर्डहून बिंगलीची गाडी धरली.
शेजारच्या पोरानं विचारलं, पिकनिक?
हो म्हटलं.

इथंच निवृत्तीनंतर नऊ उन्हाळे
तुम्ही निळं जाकीट घालून उभे असायचात,
कालव्याच्या पाच हौदांवर,
हातात ती वाकडी लोखंडी किल्ली. फुकटची नोकरी.
जन्मभर गिरणीतला बॉयलर सांभाळलात, आता पाणी.
म्हणायचात, पाच हौद, पाच कोश.
अन्नाचा सगळ्यात खाली, बघ, शेवाळ तिथंच जास्त.
मी म्हणायचे, आधी डबा खा.

बॅरीनं ओळखलं मला. टोपी काढली.
खाली एक होडी येऊन थांबली होती, पिवळी,
छपरावर कुंड्या, सायकल, एक म्हातारं कुत्रं.
एवढ्या संसारासकट ती साठ फूट चढणार.
"फिरवणार?" त्यानं किल्ली पुढं केली.

फिरवली. आधी काहीच नाही,
मग दाराच्या पोटातून घरघर,
तीच, वॉर्डात ऐकलेली, पहाटे चारची.
आणि पाणी उसळलं.
होडी वर येऊ लागली,
भिंतीचा एकेक ओला दगड मागं टाकत,
स्वतः काहीही न करता.

एका हौदाचं वरचं दार
तेच पुढच्याचं खालचं.
मधे ओसरी नाही, टेकायला जागा नाही.
म्हणजे ज्या दारातून तुम्ही गेलात
त्याच दारापलीकडे कुणी
"आलं, आलं" म्हणत टॉवेल घेऊन उभं होतं का?
हे तेव्हा विचारायला हवं होतं.
तेव्हा मी डब्याचंच बोलले.

दुसऱ्या दाराशी घाई केली.
पिशवी दाराच्या तुळईवर ठेवली,
पाठ लावली, टाचा रोवल्या, रेटलं.
तसूभर नाही.
बॅरी म्हणाला, थांब. दोन्हीकडचं पाणी सारखं झालं
की बोटानं उघडेल.
तोवर दहा घोडे जुंपले तरी नाही.
फरक बोटभरच राहिला होता.
त्या बोटभर पाण्याकडे बघत उभी राहिले.
अकरा महिने जुनं होतं ते.

मग केव्हातरी तुळई पाठीशी हलली.
मी रेटत नव्हते. बरणीही वळली दाराबरोबर.

अगदी वर पोचल्यावर होडीवालीनं हात केला.
पुढं सतरा मैल एकही दार नाही, बॅरी म्हणाला.
सुटली बाई, मनात म्हटलं,
कुंड्यांसकट, कुत्र्यासकट.
"आणि सतरा मैलांनंतर?"
"गारग्रेव्ह. पुन्हा दारं."
म्हणजे नुसता स्वर्ग. पुण्य सरेपर्यंतचा.
इथं तुम्ही हसला असतात,
कवळी सांभाळत.

मी इतका वेळ होडीकडेच बघत होते,
होडी म्हणजे तुम्ही, असं धरून.
दारं मिटली. तरी फळ्यांच्या फटीतून
एक बारीक धार चाललीच होती,
किल्लीशिवाय, कुणाला न विचारता.
ती वरच्या हौदात होती तेव्हाही पाणीच,
खाली पडली तरी पाणीच.
कुठल्या हौदाचं, ते हौदाला माहीत.

बरणी उघडली नाही.
हात बुडवला, आणि ओल्या हातानं
झाकणावरून फिरवला, कपाळावरून फिरवावा तसा.
आधी नंबर पसरला.
मग टिपणीस.

घरी येऊन जागेवर ठेवलं.
हेरंबला सांगितलं, मार्च चालेल,
नाही जमलं तरी चालेल.
तो घाबरला, तुला बरं आहे ना?

खण पायानं ढकलला.
लागला की नाही, बघितलं नाही.